हेनुतचं कोरं मडकं

"म्हणजे ही समाधी देवाची नाहीच?"

मेरेरीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हातातला दगडाचा तुकडा म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरला.

म्हातारा सेन्बी घागरीतून झारीत पाणी ओतत होता. त्याने आधी झारी भरली, घागर हळूच सरळ केली, ओला हात कमरेच्या पंच्याला पुसला. मग तुकड्याकडे बघितलं.

"छान आहे," तो म्हणाला. "कुठे मिळाला?"

"छान आहे? बाबा, अहो, छान काय! वाचा की!"

"तू वाच. मला कुठे येतं वाचायला?"

मेरेरीला धक्काच बसला. महिनाभर तो या माणसाच्या मागे मागे फिरत होता. गावातल्या मोठ्या पुजाऱ्याने सांगितलं होतं, समाधीबद्दल काही समजून घ्यायचं असेल तर सेन्बीच्या पायाशी बस. बसला होता बिचारा. आणि महिनाभरात सेन्बीने त्याला शिकवलं काय, तर कालव्यावरून घागर भरून आणायची, खांदा न बदलता. आता कळतंय की गुरूला अक्षरओळखसुद्धा नाही!

ही गोष्ट इजिप्तची, फार जुन्या काळची. जुनी म्हणजे किती? आपण ज्यांना पुराणपुरुष म्हणतो त्यांतले पुष्कळसे तेव्हा जन्मायचे होते. आणि गंमत बघा, त्या लोकांनाही आपल्या आधी हजार-अकराशे वर्षं झालेले राजे असेच जुनेपुराणे वाटायचे. नाइलच्या पश्चिम काठावर अब्जू नावाचं गाव होतं. गावाबाहेर वाळवंटात, डोंगराच्या पायथ्याला एक समाधी होती. ती ओसायरिस देवाची, असं सगळा देश मानायचा.

हा ओसायरिस आधी पृथ्वीवरचा राजा होता म्हणे. सख्ख्या भावाने, सेतने, त्याला मारलं आणि तुकडे करून देशभर फेकले. बायको आयसिस, स्वतः देवी, पण रडत रडत गावोगाव फिरली आणि एकेक तुकडा वेचून आणला. तेव्हापासून तो मेलेल्यांचा राजा झाला. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, तो वर्षातून एकदा अब्जूला यायचा, मडक्यावर त्या माणसाचं नाव लिहायचा आणि मडकं समाधीच्या दारात ठेवायचा. देव ते नाव घेऊन हाक मारायचा आणि गेलेल्या माणसाला आपल्यात घ्यायचा. नाव नसेल तर हाक नाही, आणि हाक नसेल तर ते माणूस त्या तिथल्या अंधारात एकटंच उभं.

मेरेरी राजदरबारातला लेखनिक. साधासुधा नाही हं! हजार वर्षांपूर्वीची अक्षरं वाचू शकणारे देशात चार-पाच जण असतील, त्यांत हा पहिला, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. राजाने त्याला पाठवलं होतं ते देशावर राज्य केलेल्या सगळ्यांची यादी करायला. आधी देवांची, मग माणसांची.

"हे बघा," मेरेरी बोटाने दाखवू लागला. "वर ससाणा बसलाय. त्याच्या खाली राजवाड्याची चौकट. जुने राजे आपलं नाव असंच लिहायचे, चौकटीच्या आत. आणि आत काय लिहिलंय? जेर."

"कोण हा जेर?"

"राजा! माणूस होता तो! आपल्या यादीत आधी रा, मग शू, गेब, ओसायरिस, सेत, होरस. हे झाले सगळे देव. त्यांच्यानंतर कितीतरी काळाने माणसं गादीवर आली. पहिला मेनी. त्याच्यानंतर दोन-तीन पिढ्यांत हा जेर. हा तुकडा समाधीच्या आतल्या भिंतीशी सापडलाय, बाबा. इथे ओसायरिस नाही. इथे जेर पुरलाय."

"असेल," सेन्बी म्हणाला.

"असेल?"

"मला माहीत होतं."

...

मेरेरीने पुढे धरलेला तुकडा मागे घेतला. वाळूवरून वारा गेला. समाधीच्या दारातली हजारो मडकी, काही धड, काही फुटकी, ऊन खात पडली होती.

"कधीपासून?"

"चाळीस वर्षं झाली असतील."

"वाचता येत नाही म्हणता, मग कळलं कसं?"

सेन्बीने झारी उचलली आणि समाधीला वळसा घालून चालू लागला. मेरेरी मागे. समाधीच्या चारी बाजूंना वाळूत लहान लहान खड्डे होते, ओळीने, एकाला एक चिकटून. प्रत्येकापाशी वीतभर, दीड वीत उंचीचा दगड. ओबडधोबड. शे-दोनशे तरी असतील, आणि वाळूखाली किती गडप झाले होते कोण जाणे.

"वारा सुटला की इथली हाडं वर येतात," सेन्बी म्हणाला. "मीच परत झाकतो. सगळी तरणीताठी माणसं रे. पोरीच जास्त. दात बघावेत तर एकही झिजलेला नाही. एकाच दिवशी पुरलीत ही सगळी. मालक गेला, त्याच्याबरोबर यांनाही धाडलं... देव गेला म्हणून कोणी इतकी माणसं मारत नाही. राजा गेला की मारतात. एवढं कळायला अक्षरं कशाला लागतात?"

"मग चाळीस वर्षं गप्प का बसलात? लोक इतक्या लांबून येतात, रडतात, फसतात!"

सेन्बीने पहिल्या दगडापाशी चमचाभर पाणी घातलं.

"तू काय करणार आहेस?"

"काय म्हणजे? राजाला लिहून कळवणार. हे सगळं बंद व्हायला हवं." मेरेरी थांबला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आणि हेनुतला सांगणार. माझ्या बायकोला. ती आज येतेय, दुपारच्या आत नाव धक्क्याला लागेल. तिला म्हणावं, पुरे झालं आता. इथे देव नाही. मडकं घेऊन घरी जा."

"मडकं कोणासाठी?"

मेरेरी हातातला तुकडा उलटसुलट करू लागला.

"कितवं मडकं?"

"तिसरं."

"त्यावर नाव काय असतं?"

...

"काहीच नसतं," मेरेरी म्हणाला.

म्हातारा मान हलवत पुढच्या दगडाकडे गेला. त्याने आणखी काही विचारलं नाही. म्हणूनच की काय, मेरेरीच्या तोंडून ते बाहेर पडलं. इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ज्याला वाचताही येत नाही अशा एका पाणक्या म्हाताऱ्याला त्याने उन्हात उभ्या उभ्या सांगून टाकलं.

मुलगी होती. सात वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तापाने फणफणली. तो देवळाच्या ग्रंथागारात एक फार जुनी गुंडाळी उलगडून बसला होता. घरून निरोप आला, पोर तुमचं नाव घेतेय, या. हा म्हणाला, एवढी ओळ संपवून येतो. दुसऱ्यांदा निरोप आला. हा म्हणाला, आलोच, ओळ संपतच आली. ओळ संपली, आणि हा घरी पोचला तेव्हा हेनुत पोरीचे पाय चोळत बसली होती. पाय गार पडले होते.

मग रीतीप्रमाणे सगळं केलं. थडग्यासाठी दगड घडवून घेतला. त्यावर पोरीचं चित्र, हातात बदक धरलेलं. मजकूर मेरेरीने स्वतः लिहून दिला. बापाचं नाव, आईचं नाव, देवाची प्रार्थना, सगळं वळणदार अक्षरांत. फक्त पोरीच्या नावाची जागा तेवढी रिकामी राहिली. पाथरवट दोनदा विचारायला आला. तिसऱ्यांदा आला नाही.

"लेखणी उचलली की हात पुढेच जात नाही," मेरेरी म्हणाला. "लिहिलं म्हणजे... लिहिलं म्हणजे गेली ती. आणि हेनुत दुसऱ्या कोणाकडून लिहून घेत नाही. मी म्हटलं, गावात लेखनिक काय कमी आहेत? तर म्हणते, तिचा बाप लेखनिक आहे. बस्स, एवढंच म्हणते. दरवर्षी कोरं मडकं आणते, ठेवते, निघून जाते. घरात आम्ही पोरीचं नावही काढत नाही."

"आणि आता तुला हा तुकडा सापडला," सेन्बी म्हणाला.

"हो."

"बरं झालं. आता लिहायची गरजच उरली नाही. देवच नाही म्हटल्यावर!"

मेरेरीच्या कानशिलांवर रक्त चढलं. "मी खरं तेच सांगतोय! खरं बोलायचं नाही का?"

"सांग की. मी कुठे अडवतोय? जेर तर जेर. तुझ्या यादीत लिही." म्हाताऱ्याने झारीने भोवतालचे दगड दाखवले. "पण जेरचं लिहिलंस तर यांचंही लिही. तोही इथलाच, हीही इथलीच. यादी म्हणजे यादी."

"ती राजांची यादी आहे, बाबा. नोकरचाकरांची नाही."

"मग नुसतं वाचून तरी दाखव. चाळीस वर्षं पाणी घालतोय मी, पण कोणाला घालतोय ते माहीत नाही. माझ्या गुरूलाही माहीत नव्हतं, त्याच्या गुरूलाही नव्हतं. तू महिनाभर इथे आहेस, एवढा विद्वान... आणि एकदाही खाली वाकून बघितलं नाहीस."

हे मात्र खरं होतं. मेरेरीला राजा हवा होता, राजाचं नाव हवं होतं. या दगडांना तो रोज ओलांडून जायचा. एकदा तर एकावर बसून त्याने पायातला काटा काढला होता.

तो वाकला. पहिल्या दगडावरची वाळू त्याने हाताने झाडली. अक्षरं वेडीवाकडी होती, घाईघाईने कोरलेली.

"हेतेपी," त्याने वाचलं. "बाई आहे."

"हेतेपी," सेन्बी म्हणाला आणि पाणी घातलं. त्याचा आवाज बदलला होता. "हेतेपी होय... बरं बाई. घे, पाणी घे."

"बेनेर. हीसुद्धा बाई."

"बेनेर, पाणी घे."

"देदी. हा ठेंगू माणूस आहे, चित्र काढलंय त्याचं. राजाला हसवायला ठेवला असेल."

"देदी, बाबा रे, पाणी घे."

"हा... हा कुत्रा आहे, बाबा. माणूस नाही. सेप नाव आहे त्याचं."

"मग? त्याला तहान लागत नाही?"

मेरेरीला हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल! एका दगडावरून दुसऱ्या दगडावर तो सरकत गेला, गुडघ्यांवर, दरबारी वस्त्र वाळूत लोळवत. मेरित. इनी. पुन्हा एक हेतेपी, दुसरी. तो वाचायचा, म्हातारा ते नाव तोंडात घोळवायचा, पाणी घालायचा. यांचे आईबाप यांना हाका मारून रडले असतील तर हजार वर्षांपूर्वी. त्यानंतर या नावांनी आज पहिल्यांदा कोणीतरी हाक मारली होती. चाळीस-पन्नास नावं झाली. ऊन चढलं.

पुढचा दगड सगळ्यांत लहान होता. मेरेरीने वाळू झाडली. वाकून बघितलं. बोट फिरवून बघितलं.

"पुढे चला," तो म्हणाला.

"का? याचं नाव?"

"नाही."

"पुसलं?"

"पुसलं नाही. कोरलंच नव्हतं. दगड लावला आणि... राहून गेलं असेल. घाईत."

सेन्बी तिथेच उभा राहिला. झारी त्याने तिरकी धरली होती, पाणी अगदी तोटीशी येऊन थांबलं होतं. त्याने ते घातलं नाही.

"चला ना, बाबा."

"रोज घालायचो तेव्हा ठीक होतं. सगळेच बिननावाचे होते," सेन्बी म्हणाला. "आता सगळ्यांना हाक मारून दिलं. याला तसंच कसं देऊ?"

"मग मी काय करू? नाव नाहीच तर मी कुठून वाचू?"

"मला काय माहीत. वाचणारा तू आहेस."

आणि तो उभाच राहिला. म्हातारा हात, झारी जड, दंड थरथरायला लागला होता. पण झारी खाली ठेवीना, पाणी घालीना, बोलेनाही...

मेरेरीने त्या दगडाकडे बघितलं. लहानसा दगड होता. वर मजकूर नाही, चित्र नाही. एक पोर मावेल एवढाच खड्डा.

...

"नुबेत," तो म्हणाला.

इतक्या हळू, की त्याला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्याने," सेन्बी म्हणाला.

"नुबेत! नुबेत... माझी नुबेत गं!"

झारी कलली. पाणी वाळूत मुरलं. मेरेरीने दोन्ही हातांनी तो दगड कवटाळला आणि तो ओक्साबोक्शी रडला. तीन वर्षांचं तुंबलेलं रडणं होतं ते, लवकर आवरणार कसं! ओळ संपवून येतो, ओळ संपवून येतो, असं काहीबाही बडबडत होता. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. झारी खाली ठेवली आणि जवळच्या वाळूत बसून राहिला.

हेनुत आली ती याच वेळेला. धक्क्यावरून चालत आली होती, पाय धुळीने भरलेले, काखेत मडकं. आधी ती समाधीच्या दाराशी गेली. मग रडण्याचा आवाज ओळखून मागच्या बाजूला आली. नवऱ्याला असं वाळूत पडलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. पोर गेली त्या दिवशीही नाही.

"अहो... काय झालं?"

मेरेरीने वर बघितलं. सांगायचं होतं ते सगळं सांगता आलं असतं. जेर, ससाणा, चौकट. राजाच्या नावाचा तो तुकडा कधीच हातातून निसटून वाळूत पडला होता.

"मडकं दे," तो म्हणाला.

"का?"

"दे गं."

तिने दिलं. त्याने कमरेच्या पिशवीतून लेखणी काढली, शाईची वडी काढली. पाणी नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं, तेवढ्यात म्हाताऱ्याने झारी पुढे सरकवली. तळाशी उरलेल्या दोन थेंबांत त्याने शाई कालवली.

पहिलं अक्षर वाकडं आलं. देशातला पहिल्या नंबरचा लेखनिक, पण नवशिक्याने काढावं तसं आलं. त्याने ते पुसलं नाही. पुढचं काढलं. मग त्याच्या पुढचं.

हेनुतला वाचता येत नव्हतं. पण नवरा काय लिहितोय ते कळायला तिला वाचायची काय गरज? ती मटकन खाली बसली आणि लेखणीकडे बघत राहिली. लिहून झालं तेव्हा तिने हात पुढे केला, अक्षरांच्या वर हवेतच बोट फिरवलं. शाई फिसकटेल म्हणून टेकवलं नाही.

"हे तिचं?"

"हो."

"सगळं? पुरं नाव?"

"सगळं."

तिने मडकं दोन्ही हातांत घेतलं. छातीशी धरावंसं वाटत होतं, पण ओल्या शाईच्या भीतीने तसंच पुढे धरून राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग ती म्हाताऱ्याकडे वळली. हा इथलाच माणूस, याला माहीत असणार.

"बाबा, दोन वर्षं नुसतंच ठेवून गेले हो मी. नाव नव्हतं. तिला कोणी हाक मारली नसेल... आता पोचेल ना? देवाला पोचेल ना?"

मेरेरीने म्हाताऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ज्याला ठाऊक होतं की इथे देव नाही, तो आता या बाईला काय सांगणार?

सेन्बी गुडघ्यांवर हात टेकून उठला. मडक्यावरच्या वाकड्या अक्षरांकडे त्याने बराच वेळ बघितलं, जणू वाचता येत होतं.

"देवाचं मला सांगता यायचं नाही, पोरी," तो म्हणाला. "तिच्या बापाला पोचलं."